उंदराला ट्रकची चाकं

माझ्या चुलतभावाने माझ्या बाबांना जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यात पंधरा माणसांसमोर उंदीर म्हटलं. खरं तर बाबांना नाही, त्यांच्या गाडीला म्हटलं. पण आमच्या घरात गाडी आणि बाबा असं वेगळं काढता येत नाही. गाडी खोकली की बाबा रात्रभर कूस बदलतात.

"काका, आता ही गाडी रोह्याला कशाला नेताव? उंदीर हाय हा उंदीर. गणपती बसला की ढुंगण टेकतंय जमिनीला," असं म्हणाला तो. कारखान्यातले रंगारी हसले, पेंढा बांधणारे हसले. रोह्याच्या मंडळाचे अध्यक्ष मूर्ती ठरवायला आले होते, तेही हसले. त्यांचं हसणं महागात पडलं. बाबा चोवीस वर्षं त्या मंडळाची मूर्ती जोह्याहून रोह्याला नेत होते. त्या वर्षी अध्यक्षांनी ती मूर्ती माझ्या चुलतभावाच्या नव्या कोऱ्या पिकअपला दिली.

 बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने हात पुसले, गाडीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "चल."  आमच्या गावापर्यंत, गडबपर्यंत, गाडी चालवता चालवता मी मनात एक वाक्य तयार केलं. ते चुलतभावाच्या तोंडावर कधी ना कधी फेकायचंच, असं ठरवलं आणि पुढचं वर्षभर त्याला धार लावत बसले. साप डूख धरतो म्हणतात. सापाचं मला माहीत नाही, मी धरते.

हा चुलतभाऊ गाडी शिकला तो बाबांकडेच. काकांनी त्याला आणून ओट्यावर उभा केला नि म्हणाले, "ह्याला कायतरी शिकव, शाळंत त लक्ष नाय." त्याच्या आधी दोन वर्षं मी बाबांच्या मागे लागले होते की मला गाडी शिकवा. तेव्हा "तुला कशाला गो?" एवढंच उत्तर मिळालं होतं. त्याला मात्र दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग मिळालं. तो चार हंगाम बाबांबरोबर फिरला, अर्धवट शिकला, आणि स्वतःची गाडी घेऊन वेगळा झाला. मग बाबांचा उजवा गुडघा नीट वाकेनासा झाला, घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा कुठे मला मिठागराच्या बांधावर नेऊन क्लच दाखवला. म्हणजे मी बदली कामगार. हे मी बाबांना कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाही. आता सात-आठ वर्षं गाडी मीच चालवते. वर्षभर मीठ, विटा, भाजी, आणि आषाढ लागला की गणपती.

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. गाडी म्हणजे जुनी पिकअप, मागचे स्प्रिंगचे पाटे थकलेले, चाकं चौदा इंची. आदल्या वर्षी रोह्यात मंडळाच्या दारासमोर रस्ता नळासाठी खणलेला होता. त्या खाचेत गाडीचं पोट खाली टेकलं आणि एवढी मोठी मूर्ती जागच्या जागी हलली. काही तुटलं नाही. पण आरतीचं ताट घेतलेल्या बायका एकदम "अगोबाई" म्हणाल्या, आणि तो आवाज अध्यक्षांच्या कानात राहिला.

मग मी ठरवलं की गाडी उंच करायची. चाकं बदलायची. छोट्या ट्रकला असतात तशी सोळा इंची, जाड टायरची लावायची, आणि त्या नव्या कोऱ्या पिकअपच्या शेजारी नेऊन उभी करायची.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड." आणि वर, "तिचं वय काय, तू तिला घालतंस काय!" मी ऐकलं नाही.

पेणच्या मिस्त्रींकडे गेले. बाबांच्याच वयाचे आहेत, आमची गाडी त्यांना कुंडलीसकट पाठ आहे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली नि विचारलं, "माल जास्त न्यायचा हाय का कुणाला जळवायचंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग दम धर. जळवायचं काम घाईत व्हत नाय."

ते सांगतील ते मी करत गेले. आधी भोकं मोजली. जुन्या चाकाला पाच बोल्ट, तर नव्यालाही पाचच हवेत, आणि दोन बोल्टमधलं अंतर केसाएवढंही चुकून चालत नाही. मधलं मोठं भोक हबवर अलगद बसलं पाहिजे. ठोकून बसवलेलं चाक कधीतरी सूड घेतं, असं मिस्त्री म्हणाले. सूड हा शब्द ते माझ्याकडे बघून म्हणाले. पेणच्या भंगारवाल्याकडे तीन दिवस खेटे घातल्यावर एका मोडीत निघालेल्या टेम्पोच्या चाकांच्या डिस्क मिळाल्या, चार अधिक एक. एक थोडी वाकडी होती, ती स्टेपनीला ठेवली. टायर मात्र नवे घेतले. त्यांची भिंत इतकी जाड की अंगठ्याने दाबली तर अंगठाच दुखला.

पहिल्यांदा चाक चढवलं तेव्हा मला वाटलं झालं काम. मिस्त्री म्हणाले, "स्टिअरिंग पूर्ण फिरव." फिरवलं, तर टायर पुढच्या मडगार्डच्या काठाला खर्रकन घासला. चाक आत किती बसतं नि बाहेर किती येतं, यातला बोटभर फरकही भोवतो. मिस्त्रींनी मडगार्डचा आतला काठ तापवून हातोडीने वर दुमडला. मग मागे दोन जादा पाटे घातले आणि पुढेही गाडी थोडी उचलून घेतली. तरी त्यांचं समाधान होईना. "रिकामी गाडी काय, कोन पन उभी करंल. भरून दाखव."

म्हणून मी मिठागरावरून मिठाच्या गोणी आणल्या, हौदा भरला, वर शेजारच्या चार बायका बसवल्या आणि मागे-पुढे, डावी-उजवी अशी गाडी फिरवली. एकदा मागे घेताना पुन्हा घासलं. पुन्हा हातोडी. बायका हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, "गो, तुझ्या या चाकांपायी आमचं लोणचं व्हायचं मिठात."

चाकं मोठी झाली की बाकी सगळ्याचा हिशेब चुकतो, हे मला तेव्हा कळलं. स्पीडचा काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी पंचेचाळीसने पळत असते. चढाला एक गियर खाली यावं लागतं. ब्रेक उशिरा लागतो, म्हणून मिस्त्रींनी तेही नीट करून दिले. स्टिअरिंग एवढं जड झालं की पहिले आठ दिवस माझे दंड ठणकत होते. त्या ठणक्याचंही मला सुख वाटायचं. प्रत्येक वळणाला मला त्याचं तोंड दिसायचं.

निघताना मिस्त्रींनी खिडकीत हात ठेवून सांगितलं, "एक ध्यानात ठेव. हे टायर दोन टन माल उचलायला केलेत. टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरलीस आनि वर हलका माल ठेवलास, त ते दगडासारखे उडतील."

हो म्हटलं आणि विसरले. गाडी अंगणात उभी केली तेव्हा ती हातभर छाती पुढे काढून उभी असल्यासारखी दिसत होती, मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबा बाहेर आले, चाकांभोवती काठी टेकत एक फेरी मारली आणि "मूर्ती ठेवून बघितलीस?" एवढंच विचारलं.

जोह्याच्या कारखानदारांकडून मी सहा नापास मूर्ती मागून आणल्या, कुणाचा कान चुकलेला, कुणाचं पोट एका बाजूला. रंग न लावलेल्या, पांढऱ्याफटक. पेंढ्यात बसवून गडबहून कासूपर्यंत नेल्या नि परत आणल्या. बाबा शेजारी बसले होते. घरी येऊन पेंढा काढला तर सहांपैकी चौघांची बोटं गळून पडली होती, आणि त्यांतल्याच एकाची सोंड. मूर्ती आत पोकळ असते. दिसते मोठी, पण मिठाच्या गोणीपुढे तिचं वजन काहीच नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यावर तिला चेंडूसारखी वर फेकत होती.

मी पायरीवर बसले. वर्षभर केलेली सगळी तयारी त्या पेंढ्यात पडलेल्या बोटांत मला दिसत होती. रडू आलं, ते दुःखाचं नाही, संतापाचं.

बाबा म्हणाले, "ऊठ. तुला येक दाखवायचं राहिलं."

आता इथे मला बाबांची एक जुनी सवय सांगितली पाहिजे. मूर्ती भरून झाली, तोंडावर रुमाल बांधून झाला, दोऱ्या आवळून झाल्या की बाबा गाडीच्या प्रत्येक चाकाशी उकिडवे बसायचे. चाकाला हात लावायचे, डोळे मिटायचे आणि पुटपुटत एकवीस वेळा मोरया म्हणायचे. चारही चाकांशी. जोह्यात सगळ्यांना हे माहीत होतं. म्हातारा भाविक आहे म्हणायचे. माझा चुलतभाऊ त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचा. मीही इतकी वर्षं ते देवाचंच समजत होते. गुडघा गेल्यापासून बाबा बसायला लागले की मी दोऱ्या बांधायला पलीकडे निघून जायची, कारण त्यांना उठताना होणारा त्रास मला बघवत नसे.

त्या दिवशी त्यांनी मला चाकाशी बसवलं. पंचा हातावर घेतला, हवा भरायच्या वॉलची टोपी काढली, बाभळीचा एक काटा पंच्याखालून आत दाबला. फुस्स झालं. आणि ते मोरया म्हणू लागले, सावकाश, एकेक श्वास सोडल्यासारखं. एकवीस झाल्यावर काटा काढला, टोपी लावली. "ह्ये आपलं घड्याळ," ते म्हणाले. "मीटर-बिटर तुम्हांला. एकविसाला गाडी गादी व्हते. रोह्याला माल उतरला की पंपावर हवा भरायची नि परत यायचं."

रोह्याच्या पंपावर इतकी वर्षं हवा मीच भरत होते, आणि टायर जुने म्हणून उतरते असं समजत होते. कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर सतत घरघरत असतो. त्या आवाजात ही फुस्स चोवीस वर्षं कुणाला ऐकू आली नव्हती.

"त्याला सांगितलंव?" मी विचारलं.

"इच्यारलं नाय त्यानं कधी. हसायचा नुसता."

नव्या टायरांना एकवीस पुरत नव्हते. आम्ही नापास मूर्ती घेऊन पुन्हा पुन्हा कासूला गेलो. तीस म्हणून बघितले, पस्तीस म्हणून बघितले. शेवटी मागच्या चाकांना दोनदा एकवीस आणि पुढच्यांना एकदा, हे बरोबर बसलं. जास्त काढली तर टायर डिस्कवरून घसरतो, तेही एकदा अनुभवलं. उरलेल्या दोन मूर्तींची बोटं शाबूत घरी आली. त्या दोन मूर्ती अजून आमच्या माळ्यावर आहेत.

त्या पावसाळ्यात उंदीर मोठा झाला. रोह्याच्या एका दुकानदाराचे घरगुती गणपती मी फेऱ्या मारून पोचवले, एकाचं नखही तुटलं नाही. एकदा कासूजवळ रस्त्यावर पाणी आलं होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. रांगेत माझा चुलतभाऊही होता, नव्या कोऱ्या पिकअपचा पुढचा बंपर पाण्यापासून वाचवत. मी त्याच्या बाजूने हळूच पुढे गेले आणि पाण्यातून निघून गेले. खिडकीतून त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची एवढी इच्छा झाली होती की मान दुखली.

मला वाटलं आता अध्यक्ष मूर्ती परत देतील. मी स्वतः रोह्याला जाऊन भेटले. ते चाकांकडे बघून म्हणाले, "गाडी भारी केलीत. पण यंदाचा शब्द त्यांना दिलाय. पुढल्या वर्षी बघू." पुढल्या वर्षापर्यंत बाबांना जोह्याच्या कारखान्याच्या ओट्यावर चढता येईल की नाही, हे कोण सांगणार होतं? मला ती मूर्ती त्यांच्या डोळ्यांसमोर परत हवी होती.

आणि मग तो मूर्ती न्यायच्या दिवशी जोह्याला आला तो माझीच नक्कल करून. त्याच्या गाडीलाही मोठी चाकं. माझ्यापेक्षा जाड टायर, पनवेलहून आणलेले, बाहेर निघालेले काळे कुळकुळीत. "काय ताय, कशी दिसतंय?" म्हणाला. "उंदीर नाय, हत्ती आनलाय."

टायरला नुसतं बघून मला कळलं. जमिनीला जिथे टेकतो तिथे जरासुद्धा पोट नाही. टायरवर लिहिलेली पुरी हवा ठासून भरलेली.

मंडळाची मूर्ती चढवली. दहा माणसं लागली, चाकं उंच म्हणून ओट्यावरून फळी टाकावी लागली. रुमाल बांधला. अध्यक्ष हात जोडून उभे. आणि माझा चुलतभाऊ, सगळ्यांकडे एकदा बघून, चाकाशी उकिडवा बसला. चाकाला हात लावला. डोळे मिटले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकवीस वेळा मोरया म्हणाला. मग दुसऱ्या चाकाशी. मग तिसऱ्या. अध्यक्ष माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कारखानदारांना म्हणाले, "काकांची परंपरा राखली पोराने."

चारही वॉलच्या टोप्या जागच्या जागी घट्ट लावलेल्या होत्या.

बाबा त्या दिवशी गुडघ्यामुळे घरीच होते. मी त्याच्यापासून तीन पावलांवर उभी होते. माझ्या खिशात बाभळीचा काटा होता. "अरे, हवा काढ," हे तीन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटले नाहीत. भीतीने नाही, संकोचाने नाही. मला म्हणायचे नव्हते. तो जे थट्टेने शिकला होता ते त्याचं त्यालाच फळ देईल, आणि ते बघायला मी हजर असेन, एवढंच माझ्या मनात होतं. हातात पाच-पंचवीस घरगुती गणपतींचं माझं भाडं होतंच, तेही रोह्याचंच. मी माझ्या चाकांशी बसले, मोरया म्हटले, हवा काढली आणि त्याच्या मागे निघाले.

गडबला त्याची गाडी पहिल्यांदा उडाली. मूर्तीच्या मुकुटावरचं प्लास्टिक वर गेलं नि खाली आलं. कासूला रेल्वेच्या बाजूच्या खड्ड्यांत दोनदा. नागोठण्यानंतर खिंडीत तो जोरात होता, स्पीडचा काटा चुकीचा दाखवतो हे त्याला कुणी सांगितलं नसणार. मी मागून मोजत होते. प्रत्येक उडीला माझ्या तोंडातून आपोआप "अजून एक" निघायचं. मला आनंद होत होता. हे मी लपवणार नाही, मला पोटभर आनंद होत होता.

रोह्यात ताशे वाजत होते. बायका ताटं घेऊन उभ्या. मूर्ती उतरवली, अध्यक्षांनी रुमाल सोडला आणि प्लास्टिक ओढलं. आशीर्वादाचा हात मनगटापासून गळून मांडीवर पडला होता. सोंडेला आडवी चीर गेली होती. ताशा एकाचा थांबला, मग दुसऱ्याचा. एक बाई ताट खाली ठेवून पदराने तोंड झाकून रडायला लागली.

माझा चुलतभाऊ हौद्याला टेकून उभा होता. तोंडावरचं रक्त उतरलेलं. मी गाडी बाजूला लावून त्याच्यापर्यंत चालत गेले आणि वर्षभर धार लावलेलं वाक्य म्हटलं. "काय रे, उंदराला बोलवायचं होतंस. उंदराने कधी गणपती पाडलाय?" त्याने वर बघितलं.  आजूबाजूच्या चार माणसांनी ऐकलं, एवढं मला पुरेसं होतं.

कारखानदार फोनवर म्हणाले की अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तुटलेला हात जोडून देता येईल. पण मंडळाची म्हातारी माणसं ऐकेनात. हात तुटलेला देव दारातून आत घ्यायचा नाही. जोह्यात त्याच मापाची एक मूर्ती शिल्लक होती, तिच्या फक्त डोळ्यांची आखणी बाकी होती. चतुर्थी दोन दिवसांवर. अध्यक्ष माझ्याकडे आले नि हात जोडून म्हणाले, "ताई, उद्या तुम्हीच आणा. काकांना घेऊन या."

घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा माझा आवाज इतका चढला होता की शेजारीण दारात आली. तो कसा बसला, मोठमोठ्याने मोरया कसा म्हणाला, सगळं करून दाखवलं. टोप्यांचंही सांगितलं. बाबा ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "टोप्या लावलेल्या हायेत, ह्ये तू जोह्यातच बघितलंस?"

"व्हय," मी म्हटलं.

बाबा उठले नि मागच्या दारी जाऊन उभे राहिले. जेवायला बोलावलं तेव्हा आले, जेवले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी गाडीत बसून होते. जोह्याला ओट्यावर दोघांनी धरून त्यांना चढवलं. त्यांनी स्वतः पेंढा लावला, स्वतः दोऱ्या बघितल्या. चाकांशी मी बसले. रस्ताभर मी वाट बघत होते की ते काहीतरी बोलतील, चोवीस वर्षांची मूर्ती परत आली म्हणतील, निदान चाकांबद्दल एखादा शब्द काढतील. ते पुढच्या रस्त्याकडे बघत होते. रोह्यात मूर्ती उतरली, रुमाल सुटला, सोंड शाबूत, हात शाबूत. ताशे पुन्हा सुरू झाले. अध्यक्षांनी बाबांना नारळ दिला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आता जोवर गाडी आहे तोवर मूर्ती तुमचीच." हेच ऐकायला मी वर्षभर जगले होते.

बाबांनी नारळ माझ्या हातात दिला आणि काठी टेकत पलीकडे गेले. तिथे माझ्या चुलतभावाची गाडी कालपासून तशीच उभी होती. तुटलेली मूर्ती हौद्यात परत ठेवली होती, जोह्याला न्यायची म्हणून. तो मडगार्डला पाठ लावून जमिनीवर बसला होता. बाबांना बघून उठायला लागला.

"बस," बाबा म्हणाले. "हितंच बस."

गुडघा धरून, गाडीचा आधार घेत ते त्याच्या शेजारी मागच्या चाकाशी बसले. कसे बसले कोण जाणे. पंचा हातावर घेतला. वॉलची टोपी काढून काटा लावला.

मी ओरडले, "बाबा, फुटलेलीच हाय ती. आता काय हवा काढताव तिला?"

त्यांनी वळून बघितलं नाही. त्याचा अंगठा धरून त्यांनी काट्यावर ठेवला. "दाब," म्हणाले. "आता म्हण. सावकाश. हसायचं नाय." तो मोरया म्हणायला लागला आणि सातव्या-आठव्याला त्याचा आवाज फाटला. बाबा त्याच्याबरोबर म्हणत राहिले. दोनदा एकवीस. मग दुसऱ्या चाकाशी. मी नारळ घेऊन उभी होते. जगात मला त्याच्याहून जास्त येत होतं ते एवढंच एक, आणि ते बाबांनी माझ्यासमोर त्याच्या हातात दिलं.

मग बाबा त्याच्या गाडीत बसले. "वाटेत ह्याला खिंड दाखवतो," मला एवढंच म्हणाले.

मी पंपावर जाऊन हवा भरली. भरत राहिले, पंपावरचा माणूस "बस बस" म्हणेपर्यंत. जोह्यापर्यंत मी त्यांच्या मागे होते. पुढे हात तुटलेला गणपती पेंढ्यात जराही न हलता चालला होता, आणि मागे माझी रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्याला मला सीटवरून उचलून आपटत होती. शेजारच्या सीटवर नारळ गडगडत होता.

जोह्याला मूर्ती उतरवल्यावर बाबा माझ्या गाडीकडे आले. मागच्या टायरवर अंगठा दाबून बघितला आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"रिकामी गाडी एवढी टणक कशाला भरलीस गो?"

माझ्या मागे तो उभा होता, काटा हातात घेऊन. "ताय, मी काढू का?" म्हणाला.

मी नको म्हटलं. बाबांना गाडीत चढायला हात दिला आणि तशाच हवेवर त्यांना घरी आणलं. वाटेत दोनदा त्यांचा गुडघा दुखावला, ते मला दिसलं. तरी मी थांबले नाही.